क्यूआरएस : जरा हळू पाठवा

(आपल्या १९९४ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर २०२४ मध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेले एक-दोन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना 'दहावीला केंद्रात पहिली आलेली' असं सांगितलं. तीस वर्षं झाली तरी ते बिरुद सुटत नाही. पुढे इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, चोवीस वर्षं मी सॉफ्टवेअर लिहितेय. पण समितीने 'तुझ्या छंदाबद्दल वीस मिनिटं बोल' असं सांगितलं, तेव्हा मी ठरवलं की आज पहिली आल्याची नाही, नापास झाल्याची गोष्ट सांगायची. ती ताजी आहे. गेल्या वर्षीचीच.

सुरुवात मात्र पुरापासून करावी लागेल.

२२ जुलै २०२१ हा दिवस आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. जे चिपळुणात होते त्यांनी तो पाण्यात काढला आणि जे बाहेर होते त्यांनी फोनशी. माझे आई-बाबा बाजारपेठेच्या मागच्या घरात होते. पहाटे बाबांचा फोन आला, "पाणी पायरीला लागलंय, २००५ च्या खुणेपर्यंत येईल असं वाटतंय, आम्ही माडीवर जातोय." बस, तेवढंच. मग लाइट गेली, टॉवर गेले. मी पुण्यात लॅपटॉपसमोर बसलेली. ज्या कामाचा मला पगार मिळतो ते काम म्हणजे एका सर्व्हरवरचा निरोप दुसऱ्या सर्व्हरवर न हरवता पोचवणं. आणि माझ्या स्वतःच्या आईचा 'आम्ही ठीक आहोत' एवढा निरोप पावणेदोनशे किलोमीटरवरून माझ्यापर्यंत येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "अगं, मी बोलतेय. ओळखलंस?" मी ओळखलं नाही. तिने नाव सांगितलं तेव्हा मी गप्पच झाले. ती म्हणाली, "रेंज कधीही जाईल, नीट ऐक आणि लिहून घे. काका-काकू माडीवर आहेत, दोघं ठीक. काकूंच्या बीपीच्या गोळ्या रविवारपर्यंत पुरतील. पिण्याचं पाणी मी काल पोचवलं. खालचं सगळं गेलंय, त्याचं वाईट वाटून घेऊ नका असं काका म्हणाले. आता मी काय सांगितलं ते परत म्हणून दाखव." मी म्हणून दाखवलं. गोळ्यांचा दिवस मी चुकवला, शनिवार म्हटलं. "रविवार," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

नंतर कळलं ते असं. आमच्या आळीतल्या घराघरातून तिने एका वहीत निरोप लिहून घेतले होते. कुणाचा मुलगा मुंबईत, कुणाची बहीण दुबईला. नंबर, नाव, निरोप. ती वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून, चिखल तुडवत ती गावाच्या वरच्या अंगाला, हायवेच्या चढावर गेली, जिथे कुणाच्या तरी फोनला रेंज येत-जात होती. तिथे उभी राहून तिने एकेक नंबर लावला. प्रत्येकाला निरोप सांगायचा, परत म्हणून घ्यायचा, वहीत खूण करायची, पुढचा नंबर.

ही माझी मैत्रीण कोण, ते नंतर सांगते. तिचं नाव घेणार नाही, कारण हे सगळं सांगायची परवानगी तिने त्याच अटीवर दिली आहे.

त्या महिन्यात माझ्या डोक्यात हॅम रेडिओचं खूळ शिरलं. हौशी रेडिओ म्हणजे सरकारी परवाना घेऊन, स्वतःच्या संचावरून, मध्ये कोणतीही कंपनी किंवा टॉवर न घेता दुसऱ्या माणसाशी थेट बोलणं. बॅटरी, संच आणि तारेचा अँटेना एवढं असलं की झालं. २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद या दिल्लीच्या हॅम नेमक्या पोर्ट ब्लेअरला होत्या. रेडिओच्या मोहिमेसाठी गेलेल्या. इतर संपर्क तुटल्यावर त्यांच्या संचावरून अंदमानातले निरोप मुख्य भूमीवर आले. हे मी वाचलं आणि मला आपली चढावर उभी असलेली मैत्रीण आठवली. तिच्याकडे संच नव्हता, एवढाच फरक.

परवान्याचे दोन प्रकार. मी परीक्षा दिली तेव्हाच्या नियमांनुसार रिस्ट्रिक्टेड ग्रेडला लेखी परीक्षा पुरते. जनरल ग्रेडला मात्र मोर्स कोड येणं सक्तीचं. पहिला परवाना मी सहज मिळवला, लेखी परीक्षेत आपला हात कोण धरणार! मग वाटलं, मोर्सही करून टाकू. कारण विचाराल तर एक तांत्रिक आहे. आवाजाला रेडिओ लहरींचा रुंद पट्टा लागतो, साधारण अडीच हजार हर्ट्झचा. मोर्सला शे-दोनशे हर्ट्झ पुरतात. सगळी शक्ती त्या अरुंद फटीत जाते, म्हणून जिथे बोलणं खरखरीत बुडून जातं तिथे डिट आणि डा ऐकू येतात. मोटारीच्या दिव्याला लागते त्याहून कमी वीज वापरून माणसं समुद्रापार बोलतात.

दुसरं कारण तांत्रिक नाही. मला वाटलं, सव्वीस अक्षरं आणि दहा आकडे, छत्तीस गोष्टी पाठ करायला कितीसा वेळ लागणार?

मी तक्ता छापला आणि दोन संध्याकाळी पाठ केला. 'ई' म्हणजे एक टिंब, 'टी' म्हणजे एक रेघ. इंग्रजीत जी अक्षरं जास्त वापरली जातात त्यांना आखूड खुणा, जी कमी त्यांना लांब. सॉफ्टवेअरमध्ये माहिती दाबून लहान करायची जी युक्ती आम्ही शिकलो, ती सॅम्युएल मोर्स आणि आल्फ्रेड व्हेल यांच्या काळापासून, म्हणजे १८४० च्या आसपासपासून चालत आलेली आहे, हे बघून मी खूश झाले. मापंही सुबक. टिंबाची लांबी एक धरली तर रेघ तीन, दोन अक्षरांमधली शांतता तीन, दोन शब्दांमधली सात. मी मोबाइलवर सराव सुरू केला आणि मिनिटाला पाच शब्दांवर अडकले. पुढे जाईचना. महिना गेला, दुसरा गेला.

तेव्हा पुण्यातल्या हॅम मंडळींपैकी एका काकांकडे गेले. वय ऐंशीच्या घरात, जहाजावर रेडिओ ऑफिसर म्हणून आयुष्य काढलेले. जहाजांवरचा मोर्स १९९९ साली अधिकृतपणे संपला, उपग्रहाची व्यवस्था आली, पण काकांच्या बोटांतला संपला नव्हता. त्यांनी मला पाच मिनिटं ऐकवलं, माझा कागद बघितला आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही मोजताय का?"

मोजतच होते. आवाज आला की मनात टिंब-रेघ लिहायची, मग ते चित्र तक्त्यात शोधायचं, मग अक्षर. इंजिनिअरला याहून दुसरं काय सुचणार? काका म्हणाले, "मोजू नका. ऐका. तुमच्या शाळेत घंटा होती ना? मधल्या सुट्टीची घंटा आणि शाळा सुटल्याची घंटा यातला फरक ठोके मोजून कळायचा का?"

मंडळी, तुम्हीच सांगा. आपले शिपाईमामा शाळा सुटल्याची घंटा द्यायचे, तेव्हा पहिल्या दोन ठोक्यांतच दप्तरं बंद झालेली असायची! कुणी मोजलं होतं? पाढे आपण असेच शिकलो. 'सात नव्वे' म्हटलं की 'त्रेसष्ट' जिभेवर येतं, सात नऊ वेळा मिळवावे लागत नाहीत. मोर्सचं अक्षर असंच असतं. ते चित्र नव्हे, चाल आहे. 'के' म्हणजे रेघ-टिंब-रेघ नव्हे, 'के' म्हणजे डा-डि-डा.

लुडविग कॉख नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात यावर काम केलं होतं. त्याची पद्धत अशी, की सगळी अक्षरं हळू शिकायची नाहीत. फक्त दोन अक्षरं घ्यायची आणि पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगाने ऐकायची. शंभरातली नव्वद बरोबर आली की तिसरं घ्यायचं. वेग इतका, की मोजायला फुरसतच मिळू नये. काकांनी मला मिनिटाला वीस शब्दांच्या वेगाची अक्षरं दिली. त्यात एक टिंब असतं ६० मिलिसेकंदांचं. दोन अक्षरांमधली शांतता मात्र त्यांनी लांब ठेवली, म्हणजे अक्षर जलद आणि विचाराला जागा. छापलेला तक्ता त्यांनी माझ्याकडून काढून घेतला. पाठ केलेलं विसरायला मला पाठ करण्याच्या दसपट वेळ लागला. 'एल' आणि 'एफ' यांनी मला जितकं रडवलं तितकं कोणत्याही प्रोजेक्टने रडवलं नसेल. डि-डा-डि-डि आणि डि-डि-डा-डि. म्हणून बघा घरी.

एक सांगायचं राहिलं. हॅम लोकांच्या भाषेत पुरुष कितीही लहान असला तरी 'ओल्ड मॅन' आणि बाई कितीही वयाची असली तरी 'यंग लेडी'. चव्वेचाळिसाव्या वर्षी मला यंग लेडी म्हणणारं दुसरं ठिकाण सापडलेलं नाही.

तर २०२३ मध्ये मी परीक्षेला बसले. वेग मिनिटाला आठ शब्द. पाच अक्षरांचा एक शब्द, पाच मिनिटं, म्हणजे दोनशे अक्षरं. दीड सेकंदाला एक. पाचांहून जास्त चुका झाल्या की नापास. कानाला हेडफोन लावले, पहिला मिनिट छान गेला. मग एक अक्षर निसटलं. 'एल' होतं की 'एफ'? मी त्यावर थांबले. एवढंच केलं, थांबले. तेवढ्यात तीन अक्षरं निघून गेली. ती धरायला धावले तर आणखी चार गेली. काकांनी शंभरदा सांगितलं होतं, "गेलेलं अक्षर गेलं. रेघ मारा आणि पुढचं ऐका." पण ज्या मुलीने आयुष्यात कधी प्रश्न सोडला नाही, तिला कोरी जागा सोडून पुढे जाता येत नाही.

नापास.

मी बाहेर आले आणि कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला 'निकाल यायचाय' म्हटलं. काकांचा फोन घेतला नाही. दोन दिवस ऑफिसात सगळे माझ्याकडेच बघतायत असं वाटत होतं. वास्तविक त्यांना मोर्स काय ते माहीतही नव्हतं. पंचेचाळीस वर्षांची बाई, हौसेची परीक्षा, ना पगार वाढणार ना कमी होणार. तरी रात्री झोप येईना.

तिसऱ्या रात्री मला १९९३ चा जून आठवला.

आपण नववीतून दहावीत गेलो तो जून. माझ्या बाकावरची माझी मैत्रीण नववीला नापास झाली, गणितात. पाचवीपासून आम्ही एका बाकावर. डबा एक, छत्री एक. निकालाच्या दिवशी ती पिंपळाच्या पाराशी उभी होती आणि मी तिच्याकडे गेले नाही. काय बोलायचं कळेना, असं मी स्वतःला सांगितलं. जून लागला, मी पहिल्या बाकावर गेले, नवी जोडीदारीण मिळाली. एकदा चिंचनाक्यावर ती समोरून येताना दिसली. मी सायकलचं हँडल वळवलं आणि दुसऱ्या रस्त्याला लागले. तिने बघितलं होतं. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं आमचं बोलणं नाही. २३ जुलै २०२१ ला फोन आला तो तिचा.

पुरानंतर मी आई-बाबांकडे आले तेव्हा तिला भेटले होते, साडी दिली, आभार मानले. पण ते आभार होते. हे बोलणं नव्हतं. त्या रात्री, नापास झाल्याच्या तिसऱ्या दिवशी, मी तिला फोन केला आणि आधी एवढंच म्हटलं, "अगं, मी नापास झाले."

ती हसायलाच लागली. खूप हसली. मग म्हणाली, "मग परत बस की." मी म्हटलं, हो, बसणार. ती म्हणाली, "बस. मला 'परत बस' असं कुणी म्हटलंच नाही. घरी म्हणाले, पुरे झालं. शाळेतून कुणी आलं नाही. मला वाटलं होतं, तू तरी येशील."

मी काही बोलू शकले नाही. तिनेच विषय बदलला, आईच्या गुडघ्याची चौकशी केली.

पुढच्या परीक्षेत मी पास झाले. निसटलेल्या अक्षरांच्या जागी तीन रेघा मारल्या आणि पुढचं ऐकत राहिले. तीन चुकांना परवानगी होती, मीच ती स्वतःला कधी दिली नव्हती.

आता ज्या शब्दासाठी मी हे भाषण करतेय तो सांगते. परवाना मिळाल्यावर एका संध्याकाळी सात मेगाहर्ट्झवर मी पहिल्यांदा हाताने 'सीक्यू' पाठवलं. 'सीक्यू' म्हणजे 'कुणी आहे का?' उत्तर आलं तमिळनाडूतून, आणि आलं ते सरसर, मिनिटाला पंचवीस शब्दांनी. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. हात घामाने ओला. बंद करून उठावंसं वाटलं. पण काका शेजारी बसले होते. ते म्हणाले, "क्यूआरएस पाठवा."

तारखात्याच्या आणि जहाजांच्या काळापासून तीन अक्षरांचे असे काही संकेत चालत आले आहेत. 'क्यूटीएच' म्हणजे ठिकाण, 'क्यूआरएम' म्हणजे दुसऱ्या संचाचा अडथळा. आणि 'क्यूआरएस' म्हणजे 'जरा हळू पाठवा'. मी पाठवलं. डा-डा-डि-डा, डि-डा-डिट, डि-डि-डिट.

क्षणभर शांतता. मग तोच माणूस, तोच सूर, पण माझ्या वेगाने. मिनिटाला आठ शब्द. नाव, गाव, माझा सिग्नल कसा येतोय, सगळं दोनदा. त्याला त्या वेगाने पाठवणं किती कंटाळवाणं होत असेल, हे मला आता कळतं. त्याने ते कुठे जाणवू दिलं नाही. काकांना मी म्हटलं, किती चांगला माणूस! काका म्हणाले, "चांगला-वाईट काय त्यात? रीतच आहे. ज्याचा वेग कमी, त्याच्या वेगाने बोलायचं. नाहीतर निरोप पोचणार कसा?"

मित्रांनो, मी हुशार मुलगी होते आणि आजही जलद पाठवणाऱ्यांतली आहे. ऑफिसात नवीन मुलांना समजावून सांगताना मी एकदा सांगते आणि 'कळलं ना?' म्हणते. ती मान डोलावतात, कारण 'हळू सांगा' म्हणायला त्यांच्याकडे शब्द नाही. म्हणजे शब्द आहे, पण तो म्हटला की आपण 'ढ' ठरू अशी भीती आहे. आपल्या वर्गातही ती होती. क तुकडी कशाला म्हणायचे ते आपल्याला माहीत आहे. मी यात गुरुजनांना दोष देत नाही, एका वर्गात साठ-साठ मुलं होती. मी माझ्यापुरतं बोलतेय. माझ्या शेजारी पाच वर्षं बसलेल्या मुलीला गणित माझ्या वेगाने कळत नव्हतं आणि मी तिला उत्तरं दाखवली, गणित कधी दाखवलं नाही.

आता समितीला एक विनंती. या मेळाव्याची यादी दहावीच्या हजेरीपटावरून केली आहे. एकशे बहात्तर नावं. मी आपले पाचवीचे वर्गाचे फोटो काढून मोजलं. पाचवी ते नववीत गळालेली किमान एकवीस मुलं-मुली त्यात नाहीत. कुणी नापास झालं, कुणाच्या घरी अडचण आली, कुणाचं लग्न झालं. तीही याच घंटेवर दप्तर आवरणारी होती. बाहेर नोंदणीच्या टेबलावर मी एक दोनशे पानी वही ठेवली आहे. ज्याला जे नाव आठवेल ते लिहा, गाव आठवलं तर तेही लिहा. मी आणि आणखी चौघीजणी ती माणसं शोधू. घाई नाही. स्मरणिका छापायला जाईपर्यंत सापडली तेवढी नावं यादीत घालू, उरलेली पुढच्या वेळी.

माझ्या मैत्रिणीला मी काल जाऊन विचारलं, येतेस का? ती म्हणाली, "माझं नाव यादीत कुठाय?" मी म्हटलं, वहीत पहिलं तुझंच लिहिलंय. ती म्हणाली, "बरं. जेवायला येईन. भाषणं तुमची तुम्ही ऐका." तेव्हा दुपारी पंगतीत तुमच्या शेजारी कुणी बसलं आणि चेहरा ओळखीचा वाटला, तर 'तुझी तुकडी कोणती' हे आधी विचारू नका. सावकाश गप्पा मारा.

मोर्सवाले बोलणं संपवताना '७३' पाठवतात, त्याचा अर्थ सप्रेम नमस्कार. माझ्याकडून सर्वांना ७३.